पेट्रोलची राहिलेली इच्छा

आमच्या कासारपेठेत जुनं पेट्रोल, त्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं वचन कुणीतरी दिल्याशिवाय, डब्यातून बाहेर पडत नाही. डबा उपडा करा, हलवा, बुडावर थापट्या मारा, थेंब सांडत नाही. माणसाच्या बाबतीत इच्छा राहिली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे गाडीच्या तेलापाण्याचंही तसंच आहे, फक्त त्याला कावळा लागत नाही.

ताज्या पेट्रोलचा काही त्रास नाही. ते टाकीत जातं, जळतं, सुटतं. जे साठून राहतं, ज्याचा रंग कोऱ्या चहासारखा होतो आणि ज्याला वार्निशसारखा वास यायला लागतो, त्याचं मन कशात तरी अडकलेलं असतं. इंजिन ऑइल त्या मानानं गुणी. जन्मभर राबलेलं असतं, त्याला फार काही नको असतं. "दमलास रे बाबा" म्हटलं तरी भळाभळा बाहेर येतं. ब्रेक ऑइलला कुठंतरी निवांत थांबायचं असतं. कूलंटला मात्र लोकांची घरगुती भांडणं मिटवायची भारी हौस. आमच्या आळीतल्या एका रिक्षावाल्याला सख्ख्या मेहुण्याचे पाय धरायचं कबूल करावं लागलं, तेव्हा कुठं त्याचं कूलंट हललं.

गटारात ओतायचा प्रश्नच येत नाही, कारण ते ओतलंच जात नाही. बाकीच्या गावांत लोक खुशाल ओततात आणि मग विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून बोंब मारतात. आमच्याकडे ती सोय देवानंच ठेवलेली नाही. म्हणून बाजारतळाच्या मागे नगरपालिकेचं संकलन केंद्र आहे. तिथं प्रत्येक द्रवाचं वेगळं पिंप, त्यावर नरसाळं आणि समोर एक बाकडं, असा थाट आहे. बाकड्यावर घरच्या लोकांनी बसायचं आणि इच्छा ओळखायची. डबा रिकामा झाला की पिंपाचं झाकण बसतं आणि महिन्यातून एकदा गाडी येऊन ती पिंपं शुद्धीकरणाला घेऊन जाते. पुढं त्यांचं चांगलं होतं म्हणतात.

आमच्या घरी असे चार डबे होते. सगळे पेट्रोलचे, सगळे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, मागच्या पडवीत. खिडकीच्या आत माझा गॅस. मी फोडणी घालायची आणि बाहेर चार डब्यांनी ऐकत बसायचं. आमच्या ह्यांना, म्हणजे रंगराव थोरवतांना, मी त्यावरून इतकं बोलले आहे की त्या डब्यांना माझा आवाज पाठ झाला असेल. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. माणूस शांत, निर्व्यसनी, नाकासमोर चालणारा. पण पेट्रोलचं नाव काढलं की ह्यांच्यात वेगळंच वारं शिरायचं.

"असू दे की. अडीनडीला लागतंय," एवढंच म्हणायचे.

"अहो, अडचण यायच्या आधी आपणच उडून जाऊ."

"झाकणं घट्ट हायत."

झाकणं घट्ट होती हे खरं. पण आमची सून प्रणिता झाकणावर विश्वास ठेवणारी नव्हे. पहिल्या बाळंतपणाला ती विट्याला माहेरी गेली होती. मुलगी झाली, बारसं झालं, तिसरा महिना संपत आला. आमच्याकडे बाळंतिणीला चौथ्या महिन्यात सासरी पाठवत नाहीत. म्हणजे आत्ता आली तर आली, नाहीतर थेट पाचव्यात. आम्ही गाडी घेऊन आणायला जायचं ठरवत होतो, तेवढ्यात तिचा मला फोन आला.

"आत्या, ते डबे अजून पडवीत आहेत?" आमच्याकडे सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते.

"आहेत की," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं.

"मग मी येत नाही. रागावू नका. पण जोवर ते पेट्रोल घरात आहे, तोवर मी बाळाला घेऊन उंबरा ओलांडणार नाही."

मला राग आला नाही. उलट इतक्या महिन्यांत कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं म्हणून बरंच वाटलं. पण फोन ठेवला आणि नात आठवली. बारशाला मी नातीला जेमतेम पाळण्यात घालण्यापुरतं हातात घेतलं होतं. विहीणबाईंच्या पाचपन्नास पाहुण्यांत ती या हातातून त्या हातात गेली, ती माझ्याकडे परत आलीच नाही. मला ती घरात हवी होती, बास. मी ह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. हे उठले आणि डबे गाडीच्या डिकीत ठेवायला लागले, तेव्हा मला कळलं की ह्यांनाही ती हवी आहे.

केंद्रावर कुंभोजकर नावाचे अधिकारी होते. इस्त्रीचा शर्ट आणि चेहराही तसाच. त्यांनी डबे आपटू नका म्हणून बजावलं, मोबाइल गाडीतच ठेवायला लावले आणि पहिला डबा पिंपावरच्या घोडीत, डबा धरणाऱ्या चौकटीत, उपडा बसवला.

"बोला," ते म्हणाले. "सावकाश बोला. केंद्र इच्छा सुचवत नाही. इच्छा मालकानं ओळखायची आणि वचनही मालकानंच द्यायचं. दिलेलं वचन पाळावं लागतं. पाळलं नाही, तर तुमच्या घरातलं पुढचं कुठलंच तेल आमच्याकडं ओतलं जाणार नाही."

ह्यांनी घसा खाकरला. "जोतिबाला नेतो," ते डब्याला म्हणाले.

काही नाही.

"कोकणात? समुद्र दाखवतो."

डबा गप्प. मग मी सुरू केलं. पेट्रोल ते, त्याला फिरायचंच असणार, म्हणून मी महाबळेश्वर सांगितलं, गोवा सांगितलं, माझी स्वतःची बरीच वर्षं राहिलेली काशी सांगितली. कुंभोजकर म्हणाले, "बाई, तुमच्या इच्छा मिसळू नका." आमचा मुलगा निशिकांत बँकेतून जेवणाच्या सुट्टीत आला होता. त्यानं घाटात गाडी जोरात पळवायचं वचन दिलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते लगेच मागे घेतलं. डब्याच्या तोंडाशी पेट्रोल दिसत होतं, तपकिरी, अगदी काठावर आलेलं. पण बाहेर पडायला तयार नव्हतं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सोनटक्के बसले होते. गावात त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कंटाळून डबा पत्र्याच्या कात्रीनं कापून काढला. पत्रा निघाला. पेट्रोल डब्याच्याच आकारात, मुठीसकट, त्यांच्या परसात उभं राहिलं. आता त्यांना ते केंद्रावर आणताही येत नाही, कारण धरायचं कुठं. रोज ते स्वतःच इथं येऊन बसतात आणि दुसऱ्यांच्या इच्छा ऐकतात, त्यातली एखादी आपल्याला लागू पडेल म्हणून.

"कात्री लावू नका," सोनटक्के आम्हाला म्हणाले. एवढंच बोलतात ते हल्ली.

संध्याकाळी केंद्र बंद झालं. डबे घरी आणता येईनात, घरी नेले तर सून येईना. शेवटी कुंभोजकरांनी ते केंद्राच्या ओट्यावर सावलीत ठेवून घेतले, पण एक सांगून ठेवलं. "ताबा अजून तुमचाच आहे. म्हणजे नियमानं हे पेट्रोल अजून तुमच्याच घरात आहे." मी प्रणिताला तेवढंच गाळून बाकीचं सांगितलं. तिनं नेमकं तेच विचारलं आणि मला सांगावं लागलं.

निशिकांतच्या ओळखीचा एक मेकॅनिक म्हणाला, ताज्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून गाडीत घाला. पण नळीनं ओढायचा प्रयत्न केला तर नळीतही येईना. आणि आलं असतं तरी गाडी दोन चौकांत खोकून बंद पडली असती, हे त्यानंच नंतर कबूल केलं.

ह्यांना जेवण जाईना. मोकळ्या पडवीत, जिथं डबे होते त्या जागेकडे बघत बसायचे. मी ह्यांच्यासोबत इतकी वर्षं काढली आहेत. ह्यांना उत्तर माहीत नसतं तेव्हा हे डोकं खाजवतात. माहीत असतं तेव्हा चष्मा पुसतात. त्या दिवशी ह्यांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं इतका पुसला की काच निघायची वेळ आली.

मी चहाचा कप पुढं ठेवला. "सांगा आता. भरताना काय बोलला होता त्या डब्यांशी?"

ह्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "निशाच्या येळचं आठवतंय का तुला?"

न आठवायला काय झालं. मला कळा सुरू झाल्या तेव्हा टँकरवाल्यांचा संप चालू होता. ह्यांच्या मोटारसायकलीत पेट्रोल नव्हतं. हे रिकामी बाटली घेऊन साऱ्या गावाच्या पाया पडत फिरले आणि मिळालं नाही म्हणून तसेच फिरत राहिले. तोवर शेजारणीनं मला दुधाच्या गाडीत, दोन कॅनच्या मध्ये बसवून दवाखान्यात पोचवलंसुद्धा. निशिकांत सुखरूप झाला. मी ती गोष्ट हसत सांगते. ह्यांना ती सांगताना मी कधी ऐकलं नाही.

"हे पोहोचले तेव्हा पोरगं अंघोळ करून झोपलेलं," असं मी नेहमी म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.

"प्रणिताला दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवशी भरलं मी ते पेट्रोल," हे म्हणाले. "आन् सांगितलं त्यास्नी. म्हटलं, तुम्ही फकस्त एवढंच काम करायचं. सुनेला येळेवर पोचवायचं. मग तुम्ही मोकळं."

आता सगळं कळलं आणि काही उपयोगाचं उरलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचाच रिवाज. ह्यांनी ते इथंच करायचा विषय काढला होता, तर विहीणबाई म्हणाल्या, "असं कुठं असतंय होय?" त्यात दवाखाना तिच्या माहेरच्या दारासमोर. ती चालत गेली. मधेच चप्पल बदलायला परतही आली होती. चार डबे पेट्रोल इथं कासारपेठेत तयारीत बसलेलं आणि तिकडे ती रस्ता ओलांडून गेली.

कुंभोजकरांना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की हसले नाहीत. "कालबाह्य इच्छा," ते म्हणाले. "प्रसंग होऊन गेलेला आहे. अशा वेळी मालकाचं वचन चालत नाही. ज्या व्यक्तीसाठी साठा केला, त्या व्यक्तीनं प्रत्यक्ष येऊन त्याला मोकळं करावं लागतं."

"फोनवर?"

"पेट्रोलजवळ फोन? बाई, काहीतरी काय."

म्हणजे पेट्रोल जाईपर्यंत प्रणिता यायची नाही आणि प्रणिता आल्याशिवाय पेट्रोल जायचं नाही. मी ते तिला तसंच सांगितलं. पलीकडे तिनं आधी बाळाला पाळण्यात ठेवलं. मग म्हणाली, "मी उंबरा ओलांडणार नाही म्हटलं होतं, आत्या. केंद्राला उंबरा आहे का?"

केंद्राला उंबरा नव्हता. पत्र्याचं फाटक होतं.

ती एसटीनं आली. बाळाला आणि विहीणबाईंना तिनं रस्त्यापलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, रसवंतीच्या मांडवात बसवलं. तिथून घुंगरांचा आवाज येत होता आणि मधूनच बाळाचा. मी फाटकातून मान वाकडी करून बघत होते. दिसत होतं ते नुसतं गुलाबी टोपडं. संध्याकाळची परतीची एसटी होती आणि विहीणबाईंनी तिकडून येतानाच त्या गाडीला जागा धरून ठेवायला सांगितलं होतं. त्या फार व्यवस्थित आहेत.

प्रणिता बाकड्यावर बसलीच नाही. सरळ पिंपापाशी गेली आणि घरातल्या रुसलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी त्या उपड्या डब्याशी बोलायला लागली.

"तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी चालतच गेले असते, पण निरोप दिला असता. सगळं नीट झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तुम्ही जा आता."

पेट्रोल काठावर थरथरलं. पडलं नाही.

"पुढच्या वेळी..." कुंभोजकर पुटपुटले आणि केंद्र इच्छा सुचवत नाही हे आठवून गप्प बसले. पण तेवढ्यानंही डब्याच्या तोंडाशी एक थेंब लोंबायला लागला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. सोनटक्के बाकड्यावरून उठले.

"पुढची वेळ नाही," प्रणिता म्हणाली. "हे मी आत्ताच सगळ्यांसमोर सांगते."

थेंब परत डब्यात वर गेला.

निशिकांत जमिनीकडे बघायला लागला. पलीकडून विहीणबाईंनी हात हलवून घड्याळ दाखवलं. टोपडं त्यांच्या खांद्यावरून दिसेनासं झालं होतं. त्या बाळाला गुंडाळून निघायच्या तयारीला लागल्या होत्या. आणि आमचे हे चष्मा पुसत उभे.

प्रणितानं ते पाहिलं. ती डब्याकडे पाठ करून ह्यांच्याकडे वळली.

"मामा, ह्याचं राहू दे. तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?"

"मला? मला कशाचं भ्या?"

"मामा."

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी येळेवर पोचनार न्हाई ह्याची," ते म्हणाले. "घरात कुनाला कायतरी होईल, समदी पळतील आन् मी पेट्रोल हुडकत फिरत असंन. निशाच्या येळेला तसंच झालं. हिला कुनीतरी दुसऱ्यानं न्हेलं. मी बाटली घिऊन हुबा."  मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुधाच्या गाडीचं हसू आलं नाही. मी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

प्रणितानं पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी पदरासारखी सावरली आणि पिंपाच्या काठावर हात ठेवला.

"हे माझं वचन," ती म्हणाली. "घरात बाळाला काही झालं, शिंक आली, ताप आला, पडली, रडली, काहीही, तर पहिली हाक मामांना. आईला नाही, डॉक्टरला नाही, निशिकांतला तर नाहीच. आधी मामांना. पण यायचं मामांनी. डब्यांनी नाही."

आधी एक थेंब पडला. मग दुसरा. मग नरसाळ्यात धार लागली ती इतकी जोरात की कुंभोजकरांना शर्ट सांभाळत मागे व्हावं लागलं. उरलेले तीन डबे त्यांनी भराभर घोडीत बसवले. त्या डब्यांना काही सांगावंही लागलं नाही. ते ओट्यावरून ऐकत होतेच. शेवटचा डबा गळून संपला तसा कुंभोजकरांनी पिंपाला झाकण लावलं, चारही डबे उलटे करून झटकले आणि म्हणाले, "रिकामे डबे घरी न्यायचे नाहीत. त्यांनाही वास असतो." मग जरा थांबून, "अभिनंदन," असं म्हणाले. ते असं कुणाला म्हणाल्याचं सोनटक्क्यांनीही आजवर ऐकलं नव्हतं.

सोनटक्के मात्र घाईघाईनं घरी निघाले होते. फाटकातून जाताना ते काहीतरी पाठ करत होते. "पहिली हाक, पहिली हाक." त्यांना लागू पडलं नाही म्हणतात. त्यांचं पेट्रोल अजून परसात उभं आहे, पण मुठीचा आकार थोडा सैल झाला आहे.

विहीणबाई त्या संध्याकाळच्या गाडीनं एकट्याच परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमच्या घरात कशाकशाला समजवावं लागतंय ओ!" मी भाकरीचा तुकडा प्रणिता आणि बाळावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तिनं उंबरा ओलांडला. मग नात माझ्याकडे आली आणि मी तिला कुणाकडेही दिली नाही, दूध पाजायलासुद्धा जरा उशिराच दिली.

वचन म्हणजे वचन. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला उचकी लागली. मी पाणी आणायला उठणार होते. अगदी साधी उचकी, तान्ह्या बाळांना लागते ती. पण प्रणितानं माझा हात धरला, पडवीकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"मामा!"

हे वामकुक्षीला आडवे झाले होते. उठले, आत आले, काय झालं ते विचारलंही नाही. बाळाला छातीशी धरलं आणि तसेच अनवाणी बाहेर पडले. आम्ही दोघी दाराशी गेलो तोवर ते मारुतीच्या देवळापाशी पोचलेसुद्धा होते. एका हातानं बाळाची मान धरलेली, दुसऱ्या हातानं धोतर. ह्यांना पळताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. आळीतली माणसं बाजूला होत होती. दारात आमची गाडी धुऊनपुसून उभी, टाकीत ताजं पेट्रोल, किल्ली खुंटीला.

डॉक्टर जेवायला बसले होते. ते हात धुऊन बाहेर येईपर्यंत उचकी थांबली होती आणि बाळ झोपलं होतं. तरीही त्यांनी तपासलं. हे आले तेव्हा सावकाश चालत आले, रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबून बाळ दाखवत. पावलं भाजून लाल झाली होती. मी बादलीत गार पाणी काढून दिलं आणि विचारलं, "अहो, दारात गाडी होती. काढली का नाही?"

त्यांनी पाय बादलीत सोडले. बाळ अजून त्यांच्याचकडे होतं.

"आठवलीच न्हाई," ते म्हणाले. "पर पोचलो का न्हाई?"

"पोचलात," मी म्हटलं.